मुंबईत सर्व्हर थंड ठेवण्यावर संशोधन करायचे असेल, तर तापमानाआधी दवबिंदू पाहावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तुम्ही एम.टेक. करत आहात, विभागाच्या सर्व्हर खोलीत सुमारे ४० किलोवॅटचा संगणकीय भार आहे, खोलीचा पीयूई (एकूण वीज आणि संगणकांना मिळालेली वीज यांचे गुणोत्तर) १.९ आहे आणि तो १.३ पर्यंत खाली आणणे हे प्रबंधाचे उद्दिष्ट ठेवावे असे तुमच्या मनात आहे. त्यासाठी परदेशातील काही केंद्रांप्रमाणे बाहेरची हवा आत घ्यावी, की सर्व्हर तेलात बुडवून ठेवण्याच्या पद्धतीवर, म्हणजे इमर्शन कूलिंगवर, काम करावे, असे तुम्ही विचारले आहे. समुद्र इतका जवळ असताना त्याचे पाणी का वापरत नाहीत, अशीही एक शंका शेवटी आहे. मी यांत्रिकी अभियंता असून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरच्या कूलिंगमध्ये गेली आहेत, त्यामुळे पुढचे विवेचन यंत्रणा चालवणाऱ्याच्या बाजूने केलेले आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

तुमच्या सर्व प्रश्नांच्या मुळाशी माझ्या मते एकच प्रश्न आहे. मुंबईतील वर्षाच्या सर्वांत प्रतिकूल दिवशीही चिपमधून निघालेली उष्णता कॉम्प्रेसर न चालवता बाहेर टाकता यावी, यासाठी चिपजवळून वाहणारे माध्यम, मग ती हवा असो, पाणी असो वा तेल, जास्तीत जास्त किती उबदार ठेवता येईल? याचे उत्तर सर्वांसाठी सारखे नसते. सर्व्हर कोणत्या पिढीचे आहेत, त्यांच्या पंख्यांचा वेग ठरवणारे फर्मवेअर कसे वागते, गच्चीवर कूलिंग टॉवरसाठी, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेसाठी, जागा आणि पाणी मिळते का, भार दिवसरात्र सारखा असतो की परीक्षेच्या आणि प्रकल्पांच्या काळातच वाढतो, यांवर ते अवलंबून आहे. तरीही मुंबईच्या हवेमुळे काही दरवाजे आधीच बंद होतात आणि एक दरवाजा अनपेक्षितपणे उघडा राहतो, हे कोणत्याही खोलीसाठी खरे आहे.

आधी पीयूईविषयी बोलू, कारण तुमचे उद्दिष्ट त्यावर उभे आहे. संपूर्ण केंद्राने घेतलेली वीज भागिले संगणकीय उपकरणांना मिळालेली वीज, इतका तो साधा भागाकार आहे. ‘द ग्रीन ग्रिड’ या संघटनेने २००७ मध्ये तो प्रचारात आणला आणि २०१६ मध्ये त्याला आयएसओच्या मानकात स्थान मिळाले. वातानुकूलन आणि यूपीएस किती वीज खातात हे पाहण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु छेदातील सर्व्हर त्या विजेचे काय करतात याची त्याला काहीही कल्पना नसते. समजा, तुमच्या ४० किलोवॅटपैकी १५ किलोवॅट अशा सर्व्हरवर खर्च होतात, ज्यांवर कोणाचेच काम चालू नाही. आज एकूण वीज ७६ किलोवॅट आहे, म्हणजे वरखर्च ३६ किलोवॅट. ते रिकामे सर्व्हर बंद केले तर संगणकीय भार २५ किलोवॅटवर येईल. वरखर्च त्याच प्रमाणात उतरत नाही, कारण यूपीएसची आणि एसीच्या पंख्यांची काही वीज भारावर अवलंबून नसते, म्हणून तो २४ किलोवॅट धरू. आता एकूण वीज ४९ किलोवॅट आणि पीयूई १.९६. बिल एक-तृतीयांशाहून अधिक घटले, पण प्रबंधाच्या उद्दिष्टाप्रमाणे खोलीची स्थिती बिघडली.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा आहे. अमेरिकेतील ‘अ‍ॅशरे’ ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअसची शिफारस करते. ही वरची मर्यादा २००८ मध्ये २५ वरून २७ करण्यात आली. आपल्याकडे अजूनही अनेक खोल्या २० ते २२ अंशांवर चालवल्या जातात, कारण आत शिरताच गारवा जाणवला नाही की साहेबांना यंत्रणा बंद पडल्याची शंका येते. तापमान वाढवणे म्हणूनच पहिला आणि स्वस्त उपाय आहे. परंतु तो कोठे थांबवायचा, हे पीयूई सांगू शकत नाही. सर्व्हरच्या आतील पंखे छेदात, म्हणजे संगणकीय विजेत, मोजले जातात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हवा २२ वरून ३० अंशांवर नेली आणि सर्व्हरनी पंख्यांचा वेग ३० टक्क्यांनी वाढवला, तर पंख्यांची वीज दुपटीहून अधिक होते. तुमच्या खोलीत पंखे आज ४ किलोवॅट घेत असतील, तर ते जवळजवळ ९ किलोवॅट घेऊ लागतील. कूलिंगमध्ये समजा ३ किलोवॅट वाचले, तरी एकूण वीज ७६ वरून सुमारे ७८ किलोवॅट होईल, आणि पीयूई मात्र १.९ वरून १.७४ वर उतरलेला दिसेल. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांची दिशा मी प्रत्यक्ष मीटरवर पाहिलेली आहे. म्हणून उद्दिष्ट लिहिताना ‘भिंतीतून घेतलेल्या एका युनिटमागे झालेले उपयुक्त काम’ हे माप मुख्य ठेवावे आणि पीयूई सोबतीला द्यावा.

आता बाहेरच्या हवेकडे वळू. फेसबुकने २०११ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात प्रिनव्हिल येथे जे केंद्र उभारले, ते बाहेरची हवा गाळून, गरजेनुसार पाण्याच्या तुषारांनी थंड करून थेट सर्व्हरवर सोडते. प्रिनव्हिल उंचावरच्या कोरड्या प्रदेशात आहे, हे त्या यशाचे निम्मे कारण आहे. मुंबईत जुलैमध्ये २९ अंश तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही नेहमीची स्थिती असते. सर्व्हरच्या मागून निघालेली हवा ३६ अंशांची असते, मग तीच पुन्हा थंड करण्यापेक्षा बाहेरची २९ अंशांची घेणे स्वस्त पडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हवेतील वाफेसह एकूण उष्णता, म्हणजे एन्थाल्पी, काढून पाहा. बाहेरच्या त्या हवेत दर किलोग्रॅममागे सुमारे ८४ किलोज्यूल असतात, तर १३ अंश दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान) राखलेल्या खोलीतील ३६ अंशांच्या हवेत सुमारे ६०. सात अंशांनी गरम असलेली आतली हवा थंड करायला बाहेरच्या हवेपेक्षा सोपी असते, कारण तिच्यातील ओलावा एकदा काढून झालेला असतो. पावसाळ्यात बाहेरची हवा आत घेणे म्हणजे अरबी समुद्रावरून आलेली वाफ पैसे देऊन आत आणणे आणि पुन्हा पैसे देऊन तिचे पाणी करणे होय.

ओलावा न काढता ती हवा तशीच वापरली तर काय, असाही विचार कोणी करील. अ‍ॅशरेच्या शिफारशीत दवबिंदूची वरची मर्यादा १५ अंश आहे. याच संस्थेने केलेल्या वर्गांपैकी ए१ वर्गातील उपकरणांना चालू शकणारा कमाल दवबिंदू १७ अंश आणि ए२ वर्गातील उपकरणांना २१ अंश. मुंबईच्या पावसाळी हवेचा दवबिंदू २४ ते २६ अंशांच्या घरात असतो, म्हणजे नेहमीच्या सर्व्हरसाठी ही हवा बादच होते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारे वाहतात, तेव्हा काही रात्री आणि पहाटा मर्यादेत बसतात. असे तास नेमके किती, हे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या कुलाबा आणि सांताक्रूझ येथील तासागणिक नोंदींवरून काढावे, आणि दोन्ही स्वतंत्रपणे काढावेत, कारण हिवाळी रात्री सांताक्रूझचा पारा कुलाब्यापेक्षा बराच खाली जातो. त्या थोड्या तासांसाठी हवेचे मोठे मार्ग, गाळण्या आणि झडपा बसवण्याचा खर्च ४० किलोवॅटच्या खोलीत वसूल होईल असे मला वाटत नाही.

शिवाय या हवेत ओलाव्याबरोबर क्षार आणि गंधकाची संयुगे येतात. २००६ मध्ये युरोपात शिसेयुक्त जोडणीवर निर्बंध आल्यानंतर अनेक सर्किट बोर्डांवर चांदीचा पातळ लेप वापरला जाऊ लागला, आणि हायड्रोजन सल्फाइडपुढे चांदी फार लवकर हार मानते. खाडीलगतच्या एका केंद्रात मेमरीचे मॉड्यूल वारंवार बिघडत होते. तेथील तापमान-आर्द्रतेच्या नोंदी निर्दोष होत्या. चाचणीसाठी ठेवलेली चांदीची पट्टी मात्र महिन्याभरात काळी पडली. ‘आयएसए ७१.०४’ या मानकानुसार सर्वांत सौम्य गटात राहायचे तर तांब्यावरील क्षरणाचा थर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि चांदीवरील २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असावा लागतो. तुमची खोली मिठी नदीच्या, एखाद्या मोठ्या नाल्याच्या किंवा खाडीच्या जवळ असेल, तर अशा पट्ट्या ठेवून पाहाव्यात. खर्च किरकोळ असतो आणि मुंबईसाठी ही माहिती मोलाची आहे.

इथपर्यंतचा मुद्दा असा की मुंबईत हवेचे तापमान फारसे वाईट नसून तिच्यातील पाणी आपल्याला अडवते, आणि म्हणून ज्या पद्धतीत बाहेरची हवा सर्व्हरपर्यंत पोचत नाही, अशाच पद्धतींचा विचार करायला हवा.

अशा पद्धतींत उबदार पाण्याने थंड करणे ही मला सर्वांत आशादायक वाटते. कूलिंग टॉवरमधून पाणी किती थंड मिळेल, हे हवेच्या वेट बल्ब तापमानावर, म्हणजे ओले फडके गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो त्यावर, ठरते. पावसाळ्यात माठातले पाणी गार होत नाही, त्याचे कारण हेच. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर असला तरी हवा कोरडी असल्यामुळे तेथील वेट बल्ब बहुधा मुंबईपेक्षा खालीच असतो. मुंबईसाठी सर्वांत प्रतिकूल वेट बल्ब २८ अंश धरून आराखडा करता येतो. टॉवरमधून त्यापेक्षा तीन-चार अंश वरचे, म्हणजे ३२ अंशांपर्यंतचे पाणी मिळेल. टॉवरचे गढूळ पाणी सर्व्हरमध्ये सोडता येत नाही, म्हणून मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन प्रवाह न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारे साधन, घालून आतल्या बाजूला स्वच्छ पाण्याचे बंदिस्त चक्र ठेवावे लागते. तेथे आणखी दोन अंश जातात. म्हणजे वर्षातील सर्वांत वाईट दिवशी, एकही कॉम्प्रेसर न चालवता, चिपवरच्या कोल्ड प्लेटपर्यंत (चिपला चिकटवलेल्या, आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या चकतीपर्यंत) ३४ अंशांचे पाणी पोचवता येते. हे पाणी हाताला कोमट लागते, पण ज्या चिपला ८० ते ९० अंशांपर्यंत चालण्याची मुभा आहे, तिच्या दृष्टीने ते पुरेसे थंड आहे. अ‍ॅशरेने द्रव कूलिंगसाठी डब्ल्यू३२, डब्ल्यू४०, डब्ल्यू४५ असे वर्ग केले आहेत आणि त्यातील आकडा हा पुरवठ्याच्या पाण्याचे कमाल तापमान असतो. डब्ल्यू४० वर्गाचा सर्व्हर मुंबईत बाराही महिने चिलरशिवाय, म्हणजे कॉम्प्रेसरने पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, चालू शकतो.

हे हवेने का साधत नाही, याचा हिशेब सोपा आहे. एक किलोवॅट उष्णता हवेने वाहून न्यायची आणि हवेला १२ अंश तापू द्यायचे, तर ताशी सुमारे २५० घनमीटर हवा लागते. तेच काम पाण्याला १० अंश तापू देऊन करायचे, तर मिनिटाला दीड लिटरहूनही कमी पाणी पुरते. हवा इतकी कमकुवत वाहक असल्यामुळे चिप आणि हवा यांच्यात तापमानाचा मोठा फरक ठेवावा लागतो, म्हणून हवा थंड लागते, म्हणून चिलर लागतो. जुन्या खोलीत ५ किलोवॅटचा रॅक, म्हणजे सर्व्हर रचून ठेवण्याची मांडणी, असे, तोवर हे चालून गेले. आता २०२२ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या एच१०० या एका प्रोसेसरची कमाल वीज ७०० वॅट आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनणारे काही रॅक १२० किलोवॅटच्या घरात पोचले आहेत. त्यासाठी लागणारी ताशी ३०,००० घनमीटर हवा एका रॅकमधून ढकलण्याचा विचार कोणी गंभीरपणे करत नाही.

हा मार्ग नवा नाही. स्वित्झर्लंडमधील ईटीएच झ्युरिख येथे आयबीएमने २०१० मध्ये ‘अ‍ॅक्वासार’ हा ६० अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालणारा संगणक उभारला आणि त्याची उष्णता इमारत तापवण्यासाठी दिली. त्यानंतर २०१२ मध्ये म्युनिकजवळ गार्शिंग येथे ‘सुपरएमयूसी’ हा महासंगणक आला. अमेरिकेतील ओक रिज येथील ‘फ्रंटियर’ या महासंगणकाला पुरवले जाणारे पाणी ३२ अंशांचे आहे. युरोपात गरम पाण्याला हिवाळ्यात गिऱ्हाईक मिळते; मुंबईत ते कोणी फुकटही घेणार नाही, त्यामुळे उष्णतेच्या पुनर्वापरावरचे तिकडचे आर्थिक हिशेब तुमच्या प्रबंधात उचलून आणू नयेत. आपल्यासाठी फायदा वेगळा आहे. ७ ते १२ अंशांचे पाणी वाहणारा चिलरचा पाइप पावसाळ्यात जरा इन्सुलेशन फाटले की घामेजतो आणि खाली ठिबकतो. ३४ अंशांच्या पाण्याचा पाइप मुंबईत कधीच घामेजत नाही, कारण तो दवबिंदूच्या कितीतरी वर असतो.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. कोल्ड प्लेटने सर्व्हरच्या उष्णतेपैकी साधारण ७० ते ८० टक्के भाग पाण्यात जातो. मेमरी, पॉवर सप्लाय आणि नेटवर्क कार्ड यांची उरलेली उष्णता हवेतच येते, म्हणून लहानसा एसी ठेवावाच लागतो. कोल्ड प्लेटमधील मार्ग केसाएवढे बारीक असतात, त्यामुळे गाळणी आणि पाण्याचे रसायन यांत हयगय चालत नाही. आणि टॉवर पाणी पितो. एक युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाष्पीभवनाने टाकायला सुमारे दीड लिटर पाणी जाते. तुमच्या ४० किलोवॅटसाठी ते दिवसाला सुमारे १,४०० लिटर होईल, एका मेगावॅटसाठी सुमारे ३६,००० लिटर, आणि क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी त्यावर वेगळे. तानसा-भातसाची पातळी उतरून मे-जूनमध्ये पाणीकपात लागू होते, त्याच महिन्यांत टॉवरची तहानही मोठी असते.

येथेच मला तुमच्या प्रबंधाचा खरा विषय दिसतो. टॉवरऐवजी ड्राय कूलर, म्हणजे गाडीच्या रेडिएटरसारखी कोरडी यंत्रणा, वापरली तर पाण्याचा खर्च शून्यावर येतो. मुंबईत दुपारचे तापमान बहुतेक दिवस ३६ अंशांच्या खालीच राहते, त्यामुळे ड्राय कूलरमधून ४२ ते ४४ अंशांचे पाणी मिळू शकते, आणि डब्ल्यू४५ वर्गाच्या सर्व्हरला ते चालते. मार्चमध्ये पूर्वेकडून गरम वारे येऊन पारा ३९-४० वर जातो, तेवढ्या दुपारी काही तरी जोड लागेल. मग ३४ अंशांचे पाणी घेऊन टॉवरला पाणी पाजावे, की ४४ अंशांचे घेऊन पाणी वाचवावे? वरवर पाहता दुसरा पर्याय सरस वाटतो, पण चिप जितकी गरम, तितका तिच्यातील ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह अधिक, आणि त्याच कामाला वीज अधिक लागते. दहा अंशांमागे ही वाढ तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या प्रकारच्या कामासाठी किती होते, हे मोजून काढणे हे एम.टेक.च्या आवाक्यातले काम आहे.

इमर्शनविषयी माझे मत काहीसे कडक आहे. तेलात बुडवलेल्या सर्व्हरचे पंखे काढून टाकता येतात, सगळी उष्णता द्रवात जाते आणि खाडीची हवा बोर्डाला लागतच नाही, हे तीनही फायदे खरे आहेत. पण तेलाने काही केबलींच्या आवरणातील मृदुकारक द्रव्ये निघून ती कडक होतात, चिपवरची नेहमीची थर्मल पेस्ट धुऊन जाते, ऑप्टिकल जोडण्यांत तेल शिरते, एक मेमरी बदलायची तरी सर्व्हर निथळत ठेवावा लागतो आणि उत्पादकाची हमी बहुधा संपते. दुसरा प्रकार उकळणाऱ्या फ्लोरिनयुक्त द्रवाचा. त्यातील प्रमुख उत्पादक थ्री-एमने पीएफएएस वर्गातील (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त) सर्व रसायनांचे उत्पादन २०२५ च्या अखेरीपर्यंत थांबवण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, त्यामुळे त्या पायावर नवा प्रबंध उभारणे धोक्याचे आहे. महाविद्यालयात टाकी बसवली की प्रदर्शन छान होते, पाहुणे फोटो काढतात; मात्र त्यातून नवे काय कळले, हा परीक्षकांचा प्रश्न अवघड जातो.

समुद्राच्या पाण्याबद्दल थोडक्यात. फिनलंडमध्ये हामिना येथे गूगल २०११ पासून समुद्राचे पाणी वापरते, पण ते पाणी मुळातच थंड आहे. मुंबईजवळ समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी ऋतूनुसार साधारण २४ ते ३० अंश असते, म्हणजे चिलरची जागा ते घेऊ शकत नाही, पण वर सांगितलेल्या ३४ अंशांच्या चक्राला मात्र ते अगदी योग्य आहे. मुंबईतील तुर्भ्याचे (ट्रॉम्बेचे) औष्णिक वीज केंद्र समुद्राच्या पाण्याने थंड होतेच. अडचण टायटॅनियमचे एक्स्चेंजर, शिंपले आणि शेवाळ, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि किनारा नियमन क्षेत्राच्या परवानग्या यांची आहे. मोठ्या उद्योगाचा तो विषय आहे, विभागाच्या सर्व्हर खोलीचा नव्हे.

आता सर्व्हरकडे. कूलिंगवाले लोक सर्व्हरला उष्णता देणारी पेटी मानतात आणि संगणकवाले कूलिंगला भिंतीवरचे यंत्र मानतात. तुमच्यासारख्याने दोहोंच्या मध्ये उभे राहावे. लुइस बारोसो आणि उर्स हॉल्झ्ले या गूगलच्या दोन अभियंत्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की त्यांचे सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के भारावर चालतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात ते विजेच्या दृष्टीने सर्वांत उधळे असतात, कारण रिकामा सर्व्हरही कमाल विजेच्या निम्म्याच्या आसपास वीज घेत असे. नंतरच्या पिढ्यांत हे बरेच सुधारले आहे. सर्वोत्तम महासंगणकांनीही मोठी मजल मारली आहे: विजेच्या काटकसरीनुसार महासंगणकांचा क्रम लावणाऱ्या ग्रीन५०० यादीत २००७ च्या अखेरीस पहिल्या क्रमांकाची यंत्रणा एका वॅटमागे सेकंदाला सुमारे ०.३६ अब्ज गणिते करत होती, तर २०२४ मधील ‘जेडी’ ही यंत्रणा ७२.७ अब्ज करते. पण महाविद्यालयातील सर्व्हर जुने असतात आणि त्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘कमाल कामगिरी’ हा पर्याय निवडलेला असतो, ज्यामुळे प्रोसेसर रिकामा असतानाही गाढ झोपेच्या अवस्थेत जात नाही. हा पर्याय बदलून पाहणे, दहा सर्व्हरवर विखुरलेले काम चार सर्व्हरवर एकवटणे आणि उरलेले बंद करणे, यांतून पहिल्याच महिन्यात जी बचत दिसेल, ती गाठायला कूलिंगला पुष्कळ घाम गाळावा लागेल. शिवाय सर्व्हरमध्ये वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे १.९ पीयूईच्या खोलीत कूलिंगची आणि यूपीएसचीही काही वीज वाचते.

प्रबंधाची आखणी मी अशी करीन. आधी फक्त मोजमाप: भिंतीपाशी वीज, यूपीएसच्या पुढे वीज, प्रत्येक रॅकच्या तोंडाशी खाली, मध्ये आणि वर असे तीन तापमापक, खोलीचा आणि बाहेरचा दवबिंदू, सर्व्हरच्या पंख्यांचे फेरे आणि त्या काळात पूर्ण झालेले काम, अशा मिनिटागणिक नोंदी. प्रोसेसरच्या आतील वीज-गणकावर एकट्यावर विसंबू नये. त्यात पंखे आणि पॉवर सप्लायमधील घट येत नाही. या नोंदी एप्रिलमध्ये सुरू झाल्या तर मेचा उकाडा, पावसाळा आणि ऑक्टोबरचे ऊन, तिन्ही त्यांत येतील. त्यानंतर खोलीची हवा एकेक अंशाने वाढवत न्यावी आणि पंख्यांमुळे एकूण वीज पुन्हा वर वळते तो बिंदू शोधावा. सिंगापूरची हवा वर्षभर आपल्या पावसाळ्यासारखी दमट असते. तेथील सरकारी यंत्रणेने २०२३ मध्ये उष्ण कटिबंधातील डेटा सेंटरसाठी मानक आणले, ते २६ अंश आणि त्याहून अधिक तापमानावर चालण्याचा मार्ग सांगते आणि दर अंशामागे कूलिंगच्या विजेत २ ते ५ टक्के बचत अपेक्षिते. तुमच्या खोलीतील आकडा या पट्ट्यात बसतो का, हे पाहण्यासारखे आहे.

तिसरा टप्पा पाण्याचा. सगळी खोली बदलण्याची गरज नाही. हमी संपलेले दोन-तीन एकसारखे सर्व्हर घ्यावेत, त्यांवर कोल्ड प्लेट बसवाव्यात आणि तापमान नेमके राखणाऱ्या प्रयोगशाळेतील बाथमधून त्यांना २५ ते ४५ अंशांचे पाणी द्यावे. प्रत्येक तापमानाला तेच काम, तितकाच वेळ, आणि क्रम उलटसुलट करून पुन्हा, म्हणजे दिवसाच्या वेळेचा परिणाम वेगळा काढता येईल. सर्व्हरची वीज आणि पाण्याचे तापमान यांचा जो आलेख मिळेल, तो कुलाबा आणि सांताक्रूझच्या तासागणिक नोंदींशी जोडला की टॉवर आणि ड्राय कूलर या दोन्ही पर्यायांसाठी वर्षभराची वीज आणि पाणी मांडता येईल. दोन पर्याय कोठे समान पडतात ते पाण्याच्या दरावर अवलंबून राहील, म्हणून तो दर बदलता ठेवून निष्कर्ष लिहावा.

प्रस्ताव मार्गदर्शकांकडे नेताना खर्चाच्या यादीत सर्वांत वर अचूक वीजमीटर आणि दवबिंदूमापक ठेवावेत, पंप आणि प्लेट त्यानंतर. पैसे कमी पडले तर यादीचा शेवट कापला जातो. आणि पायाभूत नोंदी पुरेशा झाल्या की रॅकमधील रिकाम्या खाचांवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे खाच झाकणाऱ्या पट्ट्या, बसवून घ्यावेत आणि कोल्ड आइलला, म्हणजे सर्व्हरच्या तोंडाकडील थंड हवेच्या वाटेला, साधे पडदे लावावेत, त्यासाठी प्रस्ताव मंजूर होण्याची वाट पाहू नये.